डोलकाठीचा रुपया

गुरुवार पेठ, पुणे
रविवार, ता. ९ जानेवारी १९७२
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

ती. खातूनखाला यांस,
शकीलचा अदबीने सलाम. वि. वि.

आत्ता फोटो-स्टुडिओतले तीन ब्रश कोमट पाण्यात धुऊन खिडकीत वाळत ठेवले आणि लिहायला बसलो. अम्मी दूध आणायला गेली आहे. नाना झोपले आहेत, म्हणजे तसे दिसत आहेत. त्यांचे नक्की सांगता येत नाही, म्हणून निब कुरकुरणार नाही अशा बेताने लिहितो आहे.

गेल्या सोमवारी नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. काचबिंदू निघाला. आता त्यांना नळीतून पाहिल्यासारखे दिसते; समोरचे तेवढे स्वच्छ, आजूबाजूला काळोख. डॉक्टर म्हणाले की गेलेली नजर परत येत नाही आणि ही नळी बारीक होत जाणार. जे बघायचे असेल ते पावसाळ्याच्या आत बघून घ्यावे. टांग्यातून मंडईपाशी उतरताना नाना माझा दंड धरून म्हणाले की खारबंदरला जायचे. आपले गलबत पाण्यात उतरताना बघायचे.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोटोंचा पत्र्याचा डबा उघडतात. मी खारबंदरला चार वर्षांचा असताना एकदाच आलो होतो. मला फक्त माशाच्या तेलाचा वास आठवतो. बाकीचे गाव मी या डब्यातच पाहिले आहे. एका फोटोत गोदीत तीन गलबतांचे सांगाडे उभे आहेत, माणसे मुंग्यांएवढी. दुसऱ्यात नाना आणि गलबत बांधणारे बजरंग मिस्त्री एका लांब ओंडक्यावर बसलेले, दोघांच्या मिशा काळ्या. नाना म्हणतात, फोटो अख्खा नळीत मावतो, माणसे मावत नाहीत. अम्मीचा चेहरा बघायचा तर तिला भिंतीपाशी जाऊन उभे राहायला सांगतात.

तुम्ही दर पत्रात लिहिता की गलबत होत आले आहे. नक्की किती काम राहिले आणि कोणत्या उधाणाला उतरणार, ते तारखेसह कळवावे. आमचे मालक श्यामसुंदरशेठ यांच्याकडे रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. अर्जावर ते प्रथम हसतात आणि नंतर नाही म्हणतात, त्यालाही वेळ लागतो.

तुमच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा आहे. भाच्यावर माया असावी, उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
शकील


खारबंदर
ता. १७ जानेवारी १९७२

चि. शकील यास खालाच्या अनेक दुआ.

तुझे पत्र मिळाले. अक्षर नेहमीसारखे, जणू मुंग्यांनी कवायत केली आहे. माझ्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना दाखवले आणि सांगितले की हा मुलगा नववी अर्धी टाकून गेला, तरी बघा.

आता जे लिहिते ते वाचून हे पत्र चुलीत घाल. आईला हवे तर सांग, नानांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

गलबत नाही. सात वर्षांपूर्वीच संपले. तुझे नाना, म्हणजे माझे अब्बा, पाय मोडून पुण्याला आले त्या साली सांगाडा पुरा झाला होता, फळ्या अर्ध्या वर चढल्या होत्या. मग खाडी गाळाने भरत गेली, माल ट्रकने जाऊ लागला, आणि भागीदारांनी हात काढून घेतला. दोन पावसाळे तो सांगाडा तसाच भिजला. शेवटी सुटा केला. बऱ्या फळ्या आमच्या शाळेने घेतल्या, त्यांची बाके झाली. उरले ते लोकांच्या चुलीत गेले. गोदीत आता बाभळी आहेत आणि बकऱ्या. बजरंग मिस्त्री खाटा आणि दारे करतात. त्यांच्या हाताला ती कामे म्हणजे पैलवानाला दोरीवरच्या उड्या.

मी पहिल्यांदा लिहिले की लाकूड मिळत नाही. तेव्हा ते खोटे नव्हते. पुढच्या पत्रात मिस्त्री आजारी पडले, त्याच्या पुढच्यात खिळे मुंबईहून यायचे होते. वर्षभर लिहिल्यावर खरे लिहायची जागाच उरली नाही.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. आपल्या गोदीत रीत अशी, की डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखालच्या खोबणीत मालकाचा चांदीचा रुपया ठेवतात, आणि मिस्त्री मालकाला वर्दी लिहितो: अमुक तारीख, अमुक वेळ, भरती किती, रुपया जागेवर. नानांनी जाताना तो रुपया माझ्या हाती दिला होता. माझ्या बटणांच्या डबीत आहे. एकदा मी मिस्त्रींना म्हटले की म्हाताऱ्याच्या समाधानासाठी दोन ओळींची वर्दी लिहा. ते म्हणाले की बाई, हवे तर माझा हात तोडून मागा, तो देतो. पण ती खोटी वर्दी मी लिहिणार नाही.

म्हणून नानांना आणू नकोस. डोळे मिटण्याआधी त्यांनी बाभळी बघाव्यात आणि मुलगी खोटारडी हे बघावे, एवढे माझे काळीज मोठे नाही. शाळेच्या संमेलनात काढलेला एक फोटो सोबत पाठवते. मागे गोदीची जागा आहे. तू फोटोंच्या धंद्यात आहेस. काही सुचले तर बघ.

तुझ्या अम्मीला, मेहरुनला सांग, कैरीचे लोणचे येत्या माणसाबरोबर पाठवते. तुझ्यासाठी दुआ मागणारी,
खाला


पुणे
रविवार, ता. १३ फेब्रुवारी १९७२
दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे

ती. खातूनखाला यांस,
शकीलचा अदबीने सलाम. वि. वि.

जेवण झाले. हात दोनदा धुतले, तरी बोटांना काळा रंग आहेच. तो कशाचा, ते लिहितो.

तुमच्या फोटोतली मुले आणि व्यासपीठ मी काढून टाकले. डब्यातल्या फोटोतला सर्वांत मोठा सांगाडा मोजून त्या जागी बसवला, पुन्हा फोटो घेतला, आणि मग सहा दिवस रोज स्टुडिओ बंद झाल्यावर ब्रशने काम केले. फळ्या पूर्ण चढवल्या. बाभळी पुसल्या, खाडीत पाणी भरले. तरी गलबत मला ओंडक्यासारखे दिसत होते. तुम्ही लिहिलेली रुपयाची रीत आठवली. काठी दिसली म्हणजे नानांना कळेल की रुपया जागेवर गेला, आणि त्यांना वाटेल की वर्दी टपालात हरवली. म्हणून चांगली उंच डोलकाठी उभी केली आणि दोरही काढले. इतके बारीक काम मी कधी केले नव्हते. श्यामसुंदरशेठनी मागून येऊन पाहिले आणि विचारले की हे कोणाच्या लग्नाचे.

बुधवारी फोटो नानांच्या हातात दिला. त्यांनी स्टुडिओचे भिंग मागितले. पाऊण तास पाहिला. घड्याळ समोरच होते, म्हणून नक्की सांगतो. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून शाबास म्हणाले आणि फोटो उशीखाली ठेवला. खारबंदरला जायचे नाव त्यानंतर काढलेले नाही.

खाला, मला बरे वाटायला हवे होते. पण त्या दिवसापासून त्यांनी फोटोंचा डबा उघडलेला नाही. फोटो उशीखालून काढतही नाहीत. काल विचारले की अजून एक करून देऊ का, तर म्हणाले की एवढा पुरे. माझे काही चुकले आहे का? एक प्रत सोबत आहे. बारकाईने बघून कळवावे.

माया कमी होऊ देऊ नये, चूक असेल तर जास्तच करावी.

तुमचा,
शकील


पुणे
ता. २१ फेब्रुवारी १९७२

चि. खातून हीस अनेक दुआ.

हे पत्र मी सांगतो आहे आणि शेजारच्या मंदाकिनीबाई लिहीत आहेत. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. मी एक वाक्य दोनदा सांगितलं तर एकदाच लिहितात. मेहरुन आणि शकील कामाला गेले आहेत.

शकीलनं फोटो केला आहे. पोराचा हात फार चांगला. पाण्यावर ऊनसुद्धा पाडलंय. पण खातून, गलबत जमिनीवर आणि काठी उभी? आपल्या गोदीत काठी जमिनीवर कधी उभी राहिली होती का? आधी गलबत पाण्यात उतरायचं, दोन-तीन भरत्या पाणी प्यायचं, फळ्या फुगायच्या, मग काठी. काठीसकट उतरवलं तर पहिल्याच हेलकाव्याला आडवं होईल. हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू त्याला सांगितलं नसशील. पाणी ओलं असतं हे कोणी सांगत नाही.

त्याला हे आत्ता कळवू नकोस. तो रात्रभर झोपणार नाही.

आता तुझं. गलबत नाही हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. बजरंगची वर्दी आली नाही. तो आजारी असता तरी दुसऱ्याच्या हातानं लिहिली असती. पहिल्या वर्षी वाटलं उशीर असेल. तिसऱ्या वर्षी कळलं. शिवाय तुझ्या पत्रांत गलबत होतं, पण तेलाचा वास नव्हता, कोणाच्या बोटावर हातोडी बसली नव्हती, मजुरीवरून भांडण नव्हतं. भांडणाशिवाय गोदी चालते होय?

मी बोललो नाही. तू माझ्यासाठी लिहीत होतीस, मी तुझ्यासाठी वाचत होतो. बरं चाललं होतं. पण डॉक्टरांनी मुदत दिली. मी गलबत बघायला जायचं म्हटलं, कारण ते सांगायला सोपं होतं. पोरानं गलबत आणून हातात दिलं. आता काय म्हणू?

बाभळी असोत नाहीतर बकऱ्या. मला गोदी बघायची नाही. माझ्या नळीत आता एकच चेहरा मावतो, आणि तुझा बघून नऊ वर्षं झाली. तू ये म्हणणार नाहीस, म्हणून मीच येतो.

(वरील मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे. डोळ्यांत पाणी आल्याने एक ओळ पुसट झाली, ती कोणाच्या डोळ्यांत ते विचारू नये. मंदाकिनी.)

तुझा बाप,
मकबूल


खारबंदर
ता. २६ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

ती. अब्बांना सलाम.

पत्र मिळाले. शकीलला मी काठीबद्दल काही कळवलेले नाही. ते तुम्ही इथे येऊन सांगा. त्याचा फोटो मिस्त्रींना दाखवला. ते अजून हसत आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला तीन दिवस सुटी आहे. एस. टी.तून उतरताना शेवटच्या पायरीला जपा, ती उंच आहे. मी थांब्यावर उन्हात, तोंड वर करून उभी राहीन.

खातून


पुणे
रविवार, ता. २ एप्रिल १९७२
सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे

ती. खातूनखाला आणि ती. नाना यांस,
शकीलचा अदबीने सलाम. वि. वि.

आत्ता चौकटीच्या पाठीला शेवटचा खिळा मारला आणि हातोडी खाली ठेवून लगेच लिहायला घेतले. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. घड्याळ काल सायंकाळी रेडिओवर लावले होते.

मी सुखरूप पोचलो. अम्मीला नानांशिवाय घर मोठे वाटते. मंदाकिनीबाई विचारत होत्या की आजोबा तिकडेच राहिले तर आता आपण व्याकरण कोणाचे सुधारायचे.

खाला, तुम्ही शाळेची किल्ली आणायला गेलात तेव्हा गोदीत काय झाले, ते तुम्हाला सांगायचे राहिले. बजरंग मिस्त्रींनी मी केलेला फोटो खिशातून काढला आणि मला विचारले की हे गलबत उतरवायचे आहे की बुडवायचे. मला जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले होते. नाना इतके हसले की बकऱ्या उठून गेल्या. मग मिस्त्री फोटो पुन्हा खिशात ठेवून म्हणाले की नाखवा, दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्हाला नऊ वर्षे सुखाची गेली असती. नाना म्हणाले, "लिहिल्या असत्यास तर आज मी तुझ्या दारात पाणी प्यायलो नसतो." त्यानंतर दोघे बराच वेळ एका ओंडक्यावर बसून होते. डब्यातल्या फोटोसारखेच, फक्त मिशा पांढऱ्या.

शाळेत नानांनी बाकांवरून हात फिरवला, ते तुम्ही पाहिले. खिळ्यांची बुजवलेली भोके बोटांनी मोजून त्यांनी सांगितले की ही फळी गलबताच्या डाव्या कुशीची. पण तुम्ही खिडकी लावत होता तेव्हा ते मला हळूच म्हणाले की बरे झाले, गलबतात एवढी पोरे बसली नसती.

तुम्ही दिलेला रुपया नानांनी थांब्यावर माझ्या मुठीत ठेवला आणि म्हणाले की तू चौकटी बांधतोस ना, मग तुला जागा ठाऊक आहे. त्याप्रमाणे केले. गोदीत काढलेला तुम्हा दोघांचा आणि मिस्त्रींचा फोटो मोठा केला. नानांचे डोळे अर्धे मिटलेले आले आहेत, कारण ते कॅमेऱ्याकडे न बघता खालाकडे बघत आहेत. मागे बाभळी आहेत, उजव्या कोपऱ्यात बकरीचे शेपूट आहे. ब्रश जवळ होता. लावला नाही. मागच्या पुठ्ठ्याला तळाशी रुपयाएवढी खोबण कोरली, रुपया बसवला, वर कागद चिकटवला आणि खिळे मारले.

मिस्त्रींसारखी लिहिता येणार नाही, पण ही वर्दी समजावी. मुठा नदीला भरती-ओहोटी नाही, म्हणून फक्त घड्याळाची वेळ दिली आहे. खालांनी ती नानांना मोठ्याने वाचून दाखवावी. दोघांची माया या भिंतीवर राहील अशी चौकट टांगली आहे.

तुमचा,
शकील

ता. क. हिशेब नाना मागतील म्हणून:
एस. टी. तिकिटे, जाताना दोन, येताना एक : ३९ रु.
फिल्मचा रोल : ९ रु.
लाकूड, काच, पुठ्ठा, खिळे : ६ रु. ५० पैसे.
देणे, श्यामसुंदरशेठना, न विचारता वापरलेल्या कागदाचे : ४ रु., एप्रिलच्या पगारातून.
देणे, बजरंग मिस्त्रींना, जमिनीवर काठी उभी केल्याचा दंड : पुण्याची तपकीर, डबी एक.
नानांचा चांदीचा रुपया : एक. जागेवर.