डाव्या पायाचं पेडल

प्रिय आई,

तुला जाऊन सात महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच. रडण्यासारखं होतं, ते करून झालं. पण काल, शनिवारी, तुझी गाडी विकत घ्यायला एक माणूस आला होता आणि मी त्याला परत पाठवलं. बाबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. स्टॅनमोरहून काकांचे दोन फोन येऊन गेले. घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितेय. माझं शुद्धलेखन तपासू नकोस. आज नाही!

माणूस मेडनहेडचा, काकांच्या ओळखीतला. सभ्य होता, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणशील मी उगाच कुणावर तरी खेकसले. तो काय म्हणाला ते पुढे सांगते. आधी मला नीट आठवू दे, ही गाडी आपल्या घरी आलीच कशी. काल मला असं वाटलं, की बाबासुद्धा ते विसरलेत.

मी बारा वर्षांची होते. आपण कार्डिफहून कार्मार्थनच्या बाजूला फिरायला निघालो होतो आणि बाबा एका फार्मवर अंडी घ्यायला थांबले. तू गाडीतच बसून राहणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर, लोखंडी पट्ट्यांचा आधार. तो पाय बाहेर काढा, काठी शोधा, बाबांनी हात द्या, एवढं सगळं अंड्यांसाठी कोण करतं? पण त्या दिवशी तू एकटीच उतरलीस आणि चिखलातून थेट कोठारात शिरलीस.

ताडपत्रीखालून एक लांबलचक नाक बाहेर आलं होतं. दोन दारांची जुनी अमेरिकन मसल कार, दांडग्या इंजिनाची. गंजलेली, चारही टायर बसलेले, आणि मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार! शेतकरी म्हणाला, त्याच्या मुलाने हौसेनं अमेरिकेहून आणली आणि सोडून गेला. तू विचारलंस, "इंजिन कोणतं?"

"व्ही-एट. जाम झालंय."

"ऑटोमॅटिक?"

"हो. पण बाई, तुम्हाला कशाला हवीय?"

तू बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहिलीस. बाबा अंड्यांचा खोका धरून म्हणाले, "अगं, पण चालवणार कोण?"

"मी."

"तू?"

आई, मला तो 'तू?' अजून ऐकू येतो. बाबांनी तो वाईट हेतूने विचारला नव्हता. ते प्रेमानेच विचारत होते, आणि तुला राग आला तो त्या प्रेमाचाच. तू एवढंच म्हणालीस, "पंधरा वर्षं मी पॅसेंजर आहे, अहो. आता पुरे."

मग सुरू झाले सल्ले! हॉस्पिटलच्या लॅबमधल्या तुझ्या मैत्रिणींनी छोट्या, शहाण्यासुरत्या गाड्यांची माहितीपत्रकं आणून दिली. शुभामावशी दिवाळीच्या फराळाला आली तेव्हा म्हणाली, "एवढी मोठी गाडी? तुला काय झेपणार गं? एखादी छोटीशी घे, तुझ्यासारख्यांसाठी बनवून मिळतात." तू करंजीचा ट्रे तिच्यापुढे धरून म्हणालीस, "शुभा, आयुष्यभर मी सगळ्यांच्या मागून चाललेय. गाडी तरी पुढे जाऊ दे की!"

मागच्या लेनमधलं गॅरेज तुझं झालं. लेनपलीकडचे आयव्हर डॉक्समध्ये वेल्डर होते, काम सुटल्यापासून घरीच असायचे. पहिल्या दिवशी ते गंमत बघायला आले आणि मग साडेतीन वर्षं येतच राहिले. सुरुवातीला ते वेल्डिंग करायचे आणि तू उंच स्टुलावर बसून बघायचीस. महिन्याभरात वेल्डिंगची टॉर्च तुझ्या हातात होती. बाबांचा जुना शर्ट अंगावर, केस रुमालात बांधलेले. मी विचारलं, "Mum, it's hard का?" तू म्हणालीस, "शिवणासारखंच आहे गं. दोन काठ जुळवायचे आणि हात हलू द्यायचा नाही."

तुझे स्क्रू लॅबमधून आणलेल्या पेट्री डिशमध्ये असायचे, प्रत्येक डिशवर मराठीत चिठ्ठी: 'उजवं, वरचं', 'हे उरलेलं, पण कुठलं?' कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा, त्याच्या शेजारी कणकेची परात. इंजिन बाहेर काढलं त्या दिवशी साखळीला लटकलेलं ते धूड बघून बाबा दारातूनच परत फिरले. तू हसत होतीस. तुझ्या गालावर ग्रीसचा पट्टा होता आणि मला वाटलं, ही कोण बाई आहे?

आणि ते पेडल! उजव्या पायात जोर नाही, म्हणून ॲक्सिलरेटर डाव्या पायाला हवा. बाजारात तयार मिळत होतं, पण तुला ते पसंत पडलं नाही. तू स्वतः कागदावर काढलंस, आयव्हरनी कापलं, तू जोडलंस. सात वेळा काढून पुन्हा बसवलंस. मूळचं उजवं पेडल वर दुमडून ठेवायची सोय केलीस, म्हणजे कॅलिपरचा पाय चुकून त्यावर पडायला नको. सीट उंच केलीस आणि दाराकडे वळेल अशी बसवलीस. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावलेस. आयव्हर म्हणाले, स्टीअरिंग डावीकडे आहे, इथल्या रस्त्यांसाठी तेही उजवीकडे घेऊ. तू म्हणालीस, "Leave it. उतरताना फुटपाथ माझ्या बाजूला येतो." त्यांना मराठी कळलं नाही, पण मुद्दा कळला.

रंग तू वांगी निवडलास. बाबा म्हणाले, निदान गडद निळा तरी घे. तू म्हणालीस, नाही, भरल्या वांग्याचा!

आयव्हरनी तुला डॉक्सजवळच्या मोकळ्या आवारात चालवायला शिकवलं. पहिल्या टेस्टच्या दिवशी बाबांनी रजा काढली होती, तुझी समजूत घालायला. तू घरी आलीस ती दार आपटतच.

"नापास!"

बाबांनी लगेच तुझा हात धरला. "जाऊ दे. आपण प्रयत्न केला ना?"

"अहो, ऐका तरी! वेगासाठी नापास केलं! तीसच्या रस्त्यावर मी अडतीसने गेले! पायाबद्दल परीक्षक एक शब्द बोलला नाही!"

आणि तू शिरा केलास. नापास झाल्याचा शिरा! आयव्हरनी दोनदा मागून घेतला. दुसऱ्या वेळी पास झालीस, तेव्हा मात्र साधी खिचडी होती.

त्या वर्षी गणपतीला आपण काकांकडे स्टॅनमोरला गेलो, तुझ्या गाडीने. सेव्हर्न ब्रिजवर वारा गाडीला ढकलत होता आणि बाबा उजवीकडच्या सीटवर दाराची मूठ धरून बसले होते. काकांच्या रस्त्यावर आपला आवाज आपल्या आधी पोचला. सगळी मंडळी आरतीची तयारी सोडून दारात! काका बाबांकडे बघत म्हणाले, "अरे वा, चालवायला जड नाही जात तुला?" बाबांनी डिकी उघडून मोदकांचे डबे काढले आणि म्हणाले, "मला काय विचारतोस? मी पॅसेंजर आहे." आई, तुला आठवतंय? तू काठी टेकत त्या सगळ्यांच्या मधून आत गेलीस आणि एकदाही मागे वळून बघितलं नाहीस.

आता माझी चूक. ती लिहायलाच हवी.

मी सोळा वर्षांची होते. पेरेंट्स इव्हिनिंगला तू शाळेच्या गेटसमोर गाडी उभी केलीस. मुलींनी आवाजाची नक्कल केली. मग एकीने तुझ्या चालण्याची केली. मी तिच्या थोबाडीत मारायला हवी होती. त्याऐवजी मी तुला म्हटलं, "तू दोन रस्ते सोडून पार्क करत जा. तू नॉर्मल आईसारखी का नाहीस?"

तू म्हणालीस, "नॉर्मल म्हणजे कशी?" पुढच्या वेळी तू खरंच दोन रस्ते सोडून गाडी लावलीस आणि पावसात चालत आलीस. ज्या बाईने कुणाचं ऐकलं नाही, तिने माझं कसं ऐकलं? का ऐकलंस? भांडली का नाहीस माझ्याशी?

आणि आता तुझी चूक. हो, तुझीही आहे!

दोन वर्षांपूर्वी तू गाडी बाहेर काढणं बंद केलंस. गॅस्केट गेलंय म्हणालीस, पार्ट अमेरिकेहून यायचाय म्हणालीस. तू गेल्यानंतर मी आयव्हरना विचारलं, पार्टचं काय झालं? त्यांनी कॅप काढून हातात घेतली. "There's no part, love. Nothing wrong with the car." तुझ्या डाव्या पायातलीही शक्ती जात होती. पेडल दाबलं जात नव्हतं. त्यांनी तुझं ड्रॉइंग दाखवलं: हाताने ओढायचा ॲक्सिलरेटर, मापांसकट, अर्धवट. म्हणजे तू हार मानली नव्हतीस; आम्हाला सांगत नव्हतीस, एवढंच. का? बाबा पुन्हा 'मी सोडतो तुला' म्हणतील म्हणून? मला सांगायचंस ना! मी मापं घेतली असती. मी कापलं असतं. थंडीत न्यूमोनियाने तुला गाठलं, तेव्हा ते ड्रॉइंग आयव्हरच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि आम्ही त्या पार्टची वाट बघत होतो.

तर काल. मेडनहेडच्या माणसाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या. वेल्डिंगवरून बोट फिरवून म्हणाला, फार सुबक काम आहे, कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या आईने. तो मनापासून म्हणाला, "Remarkable." मी विरघळलेच होते, आई. मग तो वाकून आत बघायला लागला.

"हे सगळं अर्थात काढून टाकू. ते पेडल, ती सीट. रंगसुद्धा. पुन्हा मूळची होती तशी करू."

मी म्हटलं, "मूळची ती कोंबड्यांनी भरलेली होती."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करतेय. मी बॉनेट खाली घेतलं आणि सांगितलं, गाडी विकायची नाही. बाबा म्हणाले, "मीनू, पुरे. नुसती सडेल ती इथे. मला बघवत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला बघवत नाही म्हणून आईच पुसून टाकायची का?" फार जोरात म्हटलं. तो बिचारा माणूस अंगणातल्या गुलाबांकडे बघत राहिला. बाबा आत निघून गेले.

मला कळतं, त्यांना ते गॅरेज का नको झालंय. पण पेडल काढलं, सीट काढली, तर उरेल काय? कुठल्याही श्रीमंत माणसाची चकचकीत जुनी गाडी. ते पेडल म्हणजे खराब झालेला भाग नव्हे. सगळ्या गाडीत तोच एक भाग असा आहे, की तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत नाही!

आई, इथवर लिहून मी गॅरेजमध्ये गेले होते. आता परत आलेय, आणि काय झालं ते लगेच सांगते.

मी गाडी लेनमध्ये काढली. तुझं पेडल, माझा डावा पाय. मी रोज गाडी चालवते, मला वाटलं होतं, यात काय अवघड! गाडी एकदम उडाली, मी ब्रेक मारला, स्टीअरिंगवर आपटले. पुन्हा तेच. डाव्या पायाला क्लच माहीत, तो सगळा जोर लावून दाबतो. आयव्हर कुंपणाशी उभे राहून कपाळावर हात मारत होते. चौथ्यांदा तुझी गाडी कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनला घासता घासता वाचली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बाबा स्लिपर्समध्येच लेनमध्ये आले. मला वाटलं, आता किल्ली काढून घेणार.

ते खिडकीशी वाकले. बराच वेळ तुझ्या पेडलकडे बघत राहिले.

"टाचेनं नाही," ते म्हणाले. "टाच खाली टेकव. ती नुसत्या चवड्याने दाबायची. आणि दाबायच्या आधी श्वास सोडायची."

आई, त्यांनी हे कधी बघितलं? उजवीकडच्या सीटवर मूठ धरून बसलेला तो माणूस रस्त्याकडे बघत नव्हता. तुझ्या पायाकडे बघत होता!

मी टाच टेकवली. श्वास सोडला. गाडी लेनच्या टोकापर्यंत सरळ गेली.

मंगळवारी एमओटी आहे, गाडीची वार्षिक तपासणी; मी माझ्या नावाने बुक केलीय. तुला वचन देते: ही गाडी मूळची होणार नाही. रंग वांगीच राहील. तुझा हाताचा ॲक्सिलरेटर मी आणि आयव्हर पुरा करू, आणि ज्याला त्याची गरज असेल त्याला या सीटवर बसवून शिकवू. तोवर मी डाव्या पायाने चालवत राहीन. कुणी विचारलंच, दोन्ही पाय धड असताना हे कशाला, तर सांगेन, ही गाडी अशीच चालते.

तुझी,
मीनू