पहाटे थिजणारा लेप

प्रिय माय,

तू जाऊन दोन वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तू शेजारच्या शांताबाईच्या सुनेकडून वाचून घ्यायचीस. आता तर तीही सोय नाही, तरी लिहितो आहे. आज दवाखान्यात जे झालं ते सांगायला अमरावतीत मला दुसरं कोणी नाही.

आज मोठ्या डॉक्टरांनी मला नव्या नर्सबाईंपुढे उभं केलं. म्हणाले, "भर उन्हाळ्यात ही जखमेवरची लेपाची पट्टी कशी बसवायची, ते आपल्या या कंपाउंडरनं शोधून काढलं. त्याच्याकडून शिका." सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आणि माय, मी गप्प बसलो.

तुझ्या पायाचं मला कळलं तो पौष महिना आठवतो? मी रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला आलो होतो. तू चुलीपुढे भाकर थापत होतीस. मी जेवायला बसलो आणि मला वास आला. दवाखान्यात रोज माझ्या नाकात बसणारा वास, सडलेल्या जखमेचा, आणि तो आपल्या घरात. मी तुझं लुगडं घोट्यावरून सारलं तेव्हा तू माझा हात झटकलास.

"लेकानं मायचा पाय पाहाव काय?"

घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम होती. कापसाच्या जिनात सरकी उचलत दिवसभर उभं राहून शिरा फुगल्या होत्या आणि कातडी फाटली होती. किती दिवसांची, विचारलं तर म्हणालीस, "दोन दिवाळ्या झाल्या."

दोन वर्षं मी अमरावतीत लोकांचे असेच पाय धूत होतो. तू एका शब्दानं का सांगितलं नाहीस? आणि मी तरी इतक्या रविवारांत तुझं लंगडणं कसं पाहिलं नाही?

पुढच्या रविवारी मी लेपाचं सामान घेऊन आलो. जिलेटीन थंड पाण्यात भिजवून फुगवलं, मग त्यात ग्लिसरीन आणि झिंकची पांढरी पूड घालून भांडं गरम पाण्यात ठेवलं. हळूहळू त्याची पातळ खीर झाली. ती ब्रशनं पायावर लावायची, वर पट्टी गुंडाळायची, पुन्हा लेप, पुन्हा पट्टी. गरम असताना ओघळणारा तो लेप निवला की थिजतो आणि पायाला मोज्यासारखा धरून ठेवतो. काढायचा तेव्हा पाय कोमट पाण्यात बुडवला की सुटून येतो.

"हे कायचं हाय रे?" तू विचारलंस.

"जनावराच्या हाडाचं, कातड्याचं."

तू वाकून लेपाला बोट लावून पाहिलंस. "मेली ढोरं ओढाचं आपल्या लोकायनं सोडलं. आन् त्याइचीच हाडं आता बाटलीत भरून येतात व्हय?" मग हसलीस. "येऊ दे. माह्या पायाले तर सोसलं."

हिवाळाभर मी दर रविवारी येत गेलो. जखम कडेनं भरू लागली. मग चैत्र लागला, आणि आपण भांडलो.

तू पुन्हा जिनात उभी राहायला लागली होतीस. मी म्हणालो, "उभ्यानं काम करशील तर ते भरणार नाई. घरी बस."

"घरी बसून भिंतीसंग बोलू काय? तिथं चार बाया तरी असतात."

"मंग मी येत नाई. लाव तूच पट्टी."

"लावीन."

लेपाच्या सामानाचा डबा आणि ब्रश तिथंच टाकून मी निघालो. तीन रविवार आलो नाही. ते तीन रविवार मला आज कोणी परत देईल का, माय? अमरावतीच्या खोलीत मी नुसता पडून होतो. ऊन असं तापलं होतं की दवाखान्यातसुद्धा लेप थिजेना. रोग्यांच्या पायांवरून पट्ट्या घसरत होत्या आणि डॉक्टर म्हणत होते, पाऊस पडेपर्यंत हे बंदच ठेवू. तुझ्या पायाचं काय झालं असेल या विचारानं चौथ्या रविवारी मी धावत आलो.

तू दारात बसली होतीस. पायाला पट्टी होती. घट्ट, कोरडी, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत सारखी. मी लावायचो त्याहून नीट.

"कोणं लावून देली?"

"कोण लावते? म्याच."

मग तू सांगितलंस. पहिल्यांदा दुपारी लावली तर सगळी ओघळली. दुसऱ्यांदा पहाटे उठून लावली, जमीन गार असताना. दारात ओलं पोतं टांगलं, म्हणजे आत येणारा वारा थंड होऊन यायचा. पाय पाटावर ठेवून ऊन चढेपर्यंत हलली नाहीस. "एकडाव थिजून सुकला का मंग उन्हात बी सुटत नाई," असं म्हणालीस, जसं काही फार मोठी गोष्ट नव्हती. मी माफी मागितली नाही. तूही मागायला लावली नाहीस. भाकर वाढलीस.

सोमवारी मी दवाखान्यात तसंच केलं. पहाटेची वेळ, ओलं पोतं, पाटावर पाय. पट्ट्या टिकल्या. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" आणि मी म्हणालो, "माझ्या." का म्हणालो? जिनात राबणारी, अंगठा लावणारी बाई माझी आई आहे, हे सांगायला मला लाज वाटली का? वाटली, माय. आज खोटं लिहीत नाही.

तुझी जखम भरली. पावसाळ्यानंतर तू न लंगडता चालायला लागलीस, आणि पुढं चार वर्षं चाललीस. मग त्या गुरुवारी छातीत कळ आली, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शांताबाईनं तुला आंघोळ घातली होती. मी तुझा पाय पाहिला. जखमेच्या जागी चकचकीत गुळगुळीत वण होता. त्या वेळी तू हात झटकला नाहीस.

आता रविवारी मी कुठंच जात नाही. भाकर करतो, एकटाच खातो. कधी स्टेशनापर्यंत जातो आणि परत येतो. तू जिनात का जायचीस ते आता कळतं.

आज पुन्हा गप्प बसलो, ते मात्र शेवटचं. उद्या सकाळी त्या नर्सबाई पट्टी शिकायला येतील, डॉक्टरही असतील. ब्रश हातात घेण्याआधी मी सांगीन की हे मी शोधलं नाही. हे अकोल्याच्या जिनात सरकी उचलणाऱ्या पुंजाबाईनं शोधलं, स्वतःच्या पायावर, लेक रुसून बसला होता तेव्हा. आणि ती माझी माय होती.

तुझा,
सुखदेव