वाळूवरच्या सफरीबद्दल विचारलंस म्हणून

इका, ३ जुलै

प्रिय आब्दोन,

तुझी ईमेल गेल्या सोमवारी आली. माझ्या नावाने नाही, सफरींच्या चौकशीचा जो पत्ता आहे त्याच्यावर. मी आधी नाव न बघताच वाचायला लागले. सहा माणसं, ऑगस्टची बारा तारीख, संध्याकाळची फेरी. सासूबाईंची कंबर दुखते, चालेल का? बायकोच्या बारा वर्षांच्या भाचीला बसवतात का? सीटचे पट्टे कसे असतात? कपडे कोणते घालावेत, साधारण काय काय अपेक्षित धरावं? किती व्यवस्थित लिहिलं होतंस! आणि खाली, एक ओळ सोडून, लिहिलं होतंस, ‘कासी, तूच चालवतेस असं कळलं. आमच्या मंडळींसमोर ओळख दाखवू नकोस. मी लिमाचा आहे आणि वडील माझ्या लहानपणीच वारले, असं त्यांना ठाऊक आहे. समजून घे.’

नऊ वर्षांनी आलेली ही तुझी पहिली ओळख, आणि ती ओळख न दाखवण्याबद्दल. बसून चार वेळा वाचली. मग गाडीत पेट्रोल भरलं, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि चारच्या फेरीला गेले, कारण आठ माणसं पट्टे बांधायची वाट बघत होती. तुझ्या घरी पत्र टाकलं तर तुझी बायको फेदेरिका उघडेल, म्हणून ईमेलखाली तुझ्या कारखान्याचा पत्ता होता त्याच्यावर हे पाठवते आहे. एवढं मी अजून समजून घेते.

तर आधी सफरीचं. निघायचं चार वाजता, तळ्याच्या मागच्या फाटकातून. दोन तास लागतात. वाळू अजून तापलेली असते, म्हणून सपाता नकोत, बूट हवेत. गॉगल आम्ही देतो. दुपारी जेवण कमीच करा. तुझ्या सासूबाईंना मधल्या रांगेत बसवीन, मागे फार आदळतं. पहिल्या उतारावर सगळे ओरडतात, दुसऱ्यावर हसतात, तिसऱ्यावर कुणीतरी एक जण गप्प होतो आणि त्याचा चेहरा हिरवा पडतो. मग थांबायचं, फळ्या काढायच्या, पोटावर झोपून वाळूवरून घसरायचं. शेवटी सूर्य बुडताना सगळ्यांचे फोटो. तुला हे सगळं पाठ आहे. तूच माणसांना भाषण द्यायचास आणि शेवटी म्हणायचास, ‘घाबरू नका, माझ्या गाडीतून उतरलेला प्रत्येक जण अजून जिवंत आहे, फक्त उरलेलं आयुष्य कंटाळ्यात काढतोय!’ लोक पोट धरून हसायचे.

मी भाषण देत नाही. मी प्रत्येकाचा पट्टा स्वतःच्या हाताने लावते आणि ओढून बघते. मग पुढे जाऊन परत मागे येते आणि पुन्हा ओढून बघते. बाकीचे गाडीवाले निघून जातात तरी माझं चालूच. एलेउतेरियो अजून फाटकाशी असतो, त्याला तर चेवच चढतो. ‘कासी, अगं पट्टे लावतेस की लग्नं लावतेस? तोवर सूर्य बुडून चिलीला पोचेल!’ मी म्हणते, ‘तुझं लग्न लागलं असतं तर तोंड एवढं चाललं नसतं.’ हसतात सगळे. कशासाठी ओढून बघते ते त्यांना माहीत आहे, पण निम्मंच.

आणि प्रत्येक मोठ्या टेकडीच्या धारेखाली मी गाडी थांबवते, उतरते आणि वर चालत जाऊन पलीकडे बघते. काल उतार होता तिथे आज वाऱ्याने कडा कापलेला असू शकतो. पपांनी आपल्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट. ‘वाळू रोज नवीन असते. कालच्या ओळखीवर तिच्या अंगावर जाऊ नका.’ तू बारा वर्षांचा होतास, मी सतरा. तुझ्या हातात चाक आधी आलं, कारण तू मुलगा. मला मिळाल्या फळ्या, मेण आणि कॅमेरा. तेव्हा मला राग नव्हता आला, खरंच. तू चालवायचासही सुंदर. पपा लांबून नुसता आवाज ऐकून म्हणायचे, ‘हा आपला.’

त्या जुलैच्या सुट्ट्यांबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तू तीन महिन्यांत परदेशी निघून गेलास आणि मग बोलायला कुणी नव्हतं. म्हणून आज लिहिते. दुपारी शेजारच्या इनोसेन्सियाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. तू तिथून आलास तेव्हा तोंडाला पिस्कोचा वास येत होता. मी म्हटलं, ‘आब्दोन, राहू दे, पपा जातील.’ तू म्हणालास, ‘गप गं, दोन पेले काही दारू असते का?’ तुझ्या गाडीत मागे ते परदेशी जोडपं बसलं आणि पुढे तुझ्या शेजारी निल्दा. नास्काच्या शाळेतली शिक्षिका, सव्वीस वर्षांची, सुट्टीत एकटीच आली होती. तिच्या पट्ट्याचं बक्कल बसत नव्हतं. दोनदा खटपट करून तिने तुला विचारलं. तू म्हणालास, ‘राहू द्या बाई, मी आहे ना.’ मी मागे फळ्या बांधत होते, मी हे स्वतः ऐकलं. मीही काही बोलले नाही. गर्दी होती, उशीर होत होता, आणि ती इतकी खूश दिसत होती.

धारेखाली तू थांबला नाहीस. पपा आणि मी फळ्यांची गाडी घेऊन मागून येत होतो. तुझी गाडी वर चढताना दिसली, मग दिसलीच नाही, आणि मग आवाज आला. आम्ही वर पोचलो तेव्हा तू चाकामागून रांगत बाहेर येत होतास. ते जोडपं उलटं लटकून किंचाळत होतं, पण त्यांचे पट्टे घट्ट होते. निल्दा दहा-बारा हातांवर वाळूत पडली होती. पपा आधी तिच्याकडे गेले. गुडघ्यावर बसले, तिच्या गळ्याला हात लावला. मग उठून तुझ्याकडे आले. मला वाटलं, आता मारतील तुला. त्यांनी तुझं तोंड हुंगलं. तुझा गॉगल काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, तुझं फडकं सोडून स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि म्हणाले, ‘त्या गाडीत जाऊन बस. फळ्या घेऊन तू आलास. कळलं?’ तू मान हलवलीस. एकदाच. किती पटकन हलवलीस रे!

त्या जोडप्याने चालकाचा चेहरा पाहिलाच नव्हता, त्यांना आपली भाषाही येत नव्हती. दोन दिवसांनी ते विमानात बसून गेले. फाटकावरच्या गर्दीत गॉगल-फडक्यातला चालक कोण, ते कुणी बघितलं नव्हतं. राहिले मी. कोर्टात मला हात वर करायला लावला आणि विचारलं, ‘चाकावर कोण होतं?’ मी म्हटलं, ‘माझे वडील.’ पपा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकी होती. लहानपणी पाढे म्हणून दाखवल्यावर असायची, तशी.

दोन वर्षं आठ महिने ते आत होते. मी दर रविवारी जायचे, कधी पायारच्या दाण्यांची उसळ न्यायचे, कधी सुक्या बटाट्याचा कारापुल्क्रा. ते पहिल्यांदा तुझी विचारपूस करायचे. पहिल्या वर्षी तुझे दोन फोन आले होते, तेच मी फिरवून फिरवून सांगायचे. पुढे फोन थांबले, तुझा नंबर बदलला, मग मी मनानेच बातम्या रचायला लागले. आब्दोनला थंडी मानवली, आब्दोनला कामावर बढती मिळाली. आब्दोनने तुम्हाला सलाम सांगितला आहे. त्यातलं एक अक्षरही तुझं नव्हतं. सुटून आले तेव्हा त्यांना चाकावर बसायची कायमची बंदी होती, आणि छातीतली घरघर त्यांनी तिथूनच आणली होती. मग गाडी मी हातात घेतली. फाटकावरचे लोक म्हणाले, ‘बाईमाणूस वाळूवर? आता लोक देवाचं नाव घेऊनच बसतील.’ पपा खुर्ची टाकून कुंपणाशी बसायचे आणि मी परत आले की सांगायचे, ‘तिसऱ्या उतारावर घाई केलीस.’ नुसत्या आवाजावरून. मी एकदा चिडून विचारलं, ‘आब्दोनने घाई केली तेव्हा त्याला काय बोललात?’ ते खुर्चीवरची वाळू झटकत राहिले. म्हणाले, ‘त्याचं सगळं आयुष्य पुढे होतं, कासी.’ माझंही होतं, आब्दोन. मी एकतीस वर्षांची होते. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि आलं असतं तरी त्यांनी तेच केलं असतं, हे मला कळतं. म्हणूनच जास्त जळतं.

तुझं एक वाक्य आता खरं झालं आहे. तुझे वडील वारले. तुझ्या लहानपणी नाही, गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी, चहाचा पेला हातात असताना. आदल्या आठवड्यात म्हणाले होते, ‘त्याला कळवत बसू नकोस. कामावर रजा टाकावी लागेल उगाच.’ कळवायला माझ्याकडे नंबर तरी कुठे होता! तुझी ईमेल आली त्याला तेव्हा वीस दिवस झाले होते.

आता खरं सांगायचं ते. तुला एउलालियाबाई आठवतात का? निल्दाची आई. कोर्टात पहिल्या बाकावर बसायच्या, काळी शाल घेऊन. तू एकाच तारखेला आला होतास, त्या दिवशी मात्र त्या तुझ्याच मागच्या बाकावर होत्या. शिक्षा सुनावल्यावर त्या पपांजवळ गेल्या. ना शिवी दिली, ना हात उचलला. एवढंच विचारलं, ‘ती तुमच्या शेजारी बसली होती ना? शेवटी काय म्हणाली माझी पोर?’ पपांनी मान खाली घातली. पपा सुटून आल्यावर त्या दर वर्षी जुलैच्या सुट्ट्यांत नास्काहून बसने यायच्या, टेकडीपाशी फुलं ठेवायच्या आणि मग कुंपणाशी येऊन पपांना तेच विचारायच्या. ‘अहो, काहीतरी म्हणाली असेल. ओरडली असेल. मला हाक मारली का?’ आणि पपा मान खाली घालायचे. बाईंना वाटायचं, किती दगड आहे हा माणूस. मला एकदा म्हणाल्या, ‘तुझ्या बापाने माझी मुलगी नेली ती नेलीच, पण तिचा शेवटचा शब्दही दाबून बसलाय.’

पपांना पुरलं त्या दिवशी दुपारी त्या आल्या. कुणी कळवलं कोण जाणे. खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अहो फोर्तुनातो, मी माफ केलं तुम्हाला. एवढंच सांगायला आले. जा आता.’ आणि मूठभर माती टाकली. जन्मभर दुसऱ्याचा गुन्हा वाहिला, आता माफीही दुसऱ्याचीच घेऊन हा माणूस खाली जाणार.

आठ दिवसांनी मी नास्काला गेले. त्या अंगणात शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिस्को, पट्टा, गॉगल आणि माझी खोटी शपथ. त्यांचे हात सोलतच राहिले, मग थांबले. म्हणाल्या, ‘म्हणजे मी एवढी वर्षं त्यांना विचारत होते, आणि त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं?’ मग म्हणाल्या, ‘ऊठ, जा इथून.’ मी उभीच होते, पण ते त्यांना दिसत नव्हतं. मी गेले. बसच्या थांब्यावर अर्धा तास झाला असेल, तर त्या शाल सावरत आल्या. ‘पोलीसबिलीस काही नको मला. त्याला तुरुंगात घालून माझी निल्दा बोलणार आहे का? तो कुठे असतो, तेवढं सांग.’ मला माहीत नव्हतं. मी खरंच सांगितलं, माहीत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा?

त्यानंतर बाराव्या दिवशी तू पट्ट्यांची चौकशी केलीस. मी त्याच संध्याकाळी नास्काला फोन केला. तर बारा ऑगस्टला चार वाजता माझ्या गाडीत तुम्ही सहा जण असाल आणि पुढे माझ्या शेजारी एउलालियाबाई असतील. मी ओळख दाखवणार नाही, तुझ्या मंडळींना मी फक्त गाडीवाली. त्यांना आपली भाषा येत नाही, तेव्हा फळ्या काढायला थांबू तेव्हा तू बाईंच्या बाजूला जाऊन काय बोललास ते त्यांना कळायचं नाही. फेदेरिकाला पुढे काय सांगायचं ते तुझं तू बघ. बाईंना मात्र खरं सांग. निल्दा हसली असेल तर हसली म्हण, तुला ‘थांब’ म्हणाली असेल तर तेही सांग. काहीच म्हणाली नसेल तर तसं सांग. त्यांना गोड करून काही नको आहे. आणि तू आला नाहीस तरी त्या त्या दिवशी येणारच आहेत, बसचं तिकीट काढून ठेवलंय त्यांनी. मग मला त्यांच्याकडे बघून सांगावं लागेल की पत्र त्याला मिळालं होतं. त्या बाईशी मी पुन्हा खोटं बोलणार नाही, तुझ्यासाठी तर नाहीच.

काही झालं तरी तुझीच बहीण,
कासिल्दा