लाल लोकर बदलणार नाही

सेन्या, उत्तर नॉर्वे
१९ जानेवारी

प्रिय गुडवेग,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती बरी असेल, बर्गेनचा पाऊसही नेहमीसारखाच असेल. इकडे बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला आहे. नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य या आठवड्यात परतेल. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो.

चर्चच्या वेदीवरील वस्त्राबाबत तुझे आणि समितीचे, अशी दोन्ही पत्रे पोहोचली. तोरुनचे अर्धे राहिलेले विणकाम तू पूर्ण करावेस, त्यासाठी मी माग लोकरीसकट तुझ्याकडे पाठवावा आणि परतत्या सूर्याचे रंग पाद्री यूस्टाइनच्या छायाचित्राबरहुकूम बदलावेत, असा ठराव आहे. तुझ्या धाकट्या बहिणीने, माझ्या तोरुनने, निवडलेला लाल ‘भडक’ आणि बर्फाच्या सावल्यांचा जांभळा ‘कल्पित’ आहे, असे तूही लिहितेस.

माग मी पाठवणार नाही.

परवा दुकानात कॉफीच्या किटलीपाशी यूस्टाइनने मला गाठले.

“आइलिफ, कॅमेरा खोटं बोलत नाही रे.”

“नाही बोलत. पण तो दिपतो.”

“जन्मभर मासळी कंपनीचे हिशेब लिहिलेस, आणि आता रंगांवर प्रवचन?”

“तू जन्मभर प्रवचनं दिलीस आणि आता फोटो काढतोस. मी काही बोललो?”

सगळे हसले. तोही हसला, ठराव मात्र मागे घेतला नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. ताळा जुळल्याशिवाय बोलत नाही. डोळा सारा देखावा एकदम पाहत नाही. तो सूर्याच्या कडेवर गेला की बाहुली आकसते, सावलीतल्या बर्फाकडे वळला की फाकते. दोहोंची बेरीज मन करते. कॅमेऱ्याला मात्र सगळा उजेड एकाच मापाने घ्यावा लागतो. बर्फ नीट दिसेल असे माप धरले, तर सूर्याचा लाल त्या मापाबाहेर उतू जातो. आधी फिका पिवळा होतो, मग पांढरा. शिवाय एवढी लाली म्हणजे दिव्याच्या उजेडाचा दोष, असे समजून यंत्र ती आपणहून पुसते. शिल्लक जास्त निघाली म्हणून खोडून टाकणाऱ्या कारकुनासारखे. समितीची कुरबुर सुरू झाली तेव्हा, सूर्य जाण्याआधीच, मी ती दुरुस्ती बंद करून, उजेड कमी घेऊन पाहिले. लाल आला, पण डोंगर काळाठिक्कर झाला आणि जांभळ्या सावल्या गेल्या. काहीतरी जातेच.

तोरुनने रंग कल्पनेने निवडले नव्हते. गेल्या जानेवारीत तिला उठवत नव्हते. पलंग मी खिडकीशी ओढला होता आणि लोकरीची एकेक लड काचेला धरत होतो.

“हा?”

“हा सामन माशाचा रंग. भूक लागलीय का तुला?”

“मग हा?”

“अजून लाल. घाबरट आहेस अगदी. नीट धर.”

शेवटी एका लडीला तिने मान डोलावली. काचेवरची लोकर आणि बाहेरची सूर्याची कड यांत मला फरक दिसेना. सूर्य परततो त्या दिवशी इथे खातात त्या गोड बनाची साखर तिच्या हनुवटीला लागली होती, ती मी पुसली.

कॉड मासळीचा हंगाम भरात येण्याआधी ती गेली. हे तुला सांगायला नको. तू काळे हातमोजे घालून आली होतीस आणि दुसऱ्याच दिवशीच्या बोटीने परतलीस.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. विणकाम मी सुरू केले आहे. इतकी वर्षे तिच्या शेजारी बसून लोकर गुंडाळली, तेवढ्यावर जमेल तसे. माझी वीण तिच्याइतकी घट्ट नाही. ती समितीने खुशाल नापसंत करावी. रंग नाही. तो सारा लाल आज विणून संपला. आता तो काढायचा, तर वस्त्रच कापावे लागेल.

बर्गेनला सूर्य हिवाळ्यातही उगवतो, म्हणून तो परततो कसा हे तू विसरली असशील. ये. पलंग अजून खिडकीशीच आहे. कॅमेरा आणू नकोस. ती कड डोंगरावर आली की वस्त्र काचेला धर, आणि मग मला ‘भडक’ म्हण. म्हणू शकलीस, तर कात्री मीच तुझ्या हातात देईन.

अजूनही तुझ्या बहिणीचाच,
आइलिफ