मंडळीच्या दाराची दुसरी किल्ली

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूप-किल्ली दुरुस्त करणारा, विधुर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या माघारी ‘म्हाताऱ्याला भ्रम झाला होता’ असे कोण म्हणेल, हे मला आजच ठाऊक आहे. देवावर माझा विश्वास आहे. माणसांच्या बाबतीत मी आधी कडी ओढून बघतो.

१. राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला देत आहे. घराची मागची भिंत चर्चच्या सभागृहाला लागून आहे. म्हणूनच चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींना अलीकडे माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागली. सफरचंदे घेऊन यायचे आणि बोलताना भिंतीकडे बघायचे. मागच्या खेपेला म्हणाले, “काका, प्रभूला या जागेची गरज आहे हो.” मी म्हटले, “मग तो मला सांगेल की. आमचं रोज बोलणं असतं.” त्यानंतर सफरचंदे बंद झाली. तरीही माझ्या सहीचा दुसरा एखादा कागद कोणी पुढे केला, तर तो खोटा समजावा.

२. मुलीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. तिचा नवरा तिच्यावर हात उचलायचा. ती त्याला सोडून घरी आली, तेव्हा माझ्या पत्नीने भगिनी मंडळाच्या अध्यक्षाबाईंना एकांतात सांगितले, “पोरीसाठी प्रार्थना करा, पण कुठे बोलू नका.” आमच्या मंडळीत चहाडी कोणी करत नाही, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगतात. रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत हात उंचावून म्हटले, “प्रभू, आमच्या कुलूपवाल्या बंधूंच्या मुलीला नवऱ्याच्या घरी परत जाण्याची सुबुद्धी दे.” सगळी मंडळी एका आवाजात ‘आमेन’ म्हणाली. मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. ती उठून गेली, ती पुन्हा चर्चच्या दारातून आत गेली नाही. माझी पत्नी त्यातून सावरलीच नाही. मला याचा आजही संताप येतो.

घरी आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, तुम्हीपण आमेन म्हणालात ना?” मी शपथेवर नाही म्हणून सांगितले. ती म्हणाली, “एवढ्या गलक्यात कोण म्हणालं नि कोण नाही, कसं कळणार?” शेवटी माझीच मुलगी. ती माझे सगळे करते, औषध चुकू देत नाही, पण मनातले मला काही सांगत नाही.

३. कानशी, पकडी आणि किल्ल्या कापायचे यंत्र समोरच्या छत्रीवाल्याला आजच देऊन टाकले आहे; साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. तो आमच्या मंडळीतला नाही, देवाचे नाव शिंकतानाही घेत नाही. पण त्या रविवारी घरी आला तो एकटाच. काही विचारले नाही, कोपऱ्यातली मोडकी छत्री उचलली आणि दुरुस्त करून आणून दिली.

४. अध्यक्षाबाईंसाठी एक चांगले पितळी कुलूप बाजूला काढून ठेवले आहे. ते कुठे लावायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

५. एवढे होऊनही मी चर्च का सोडले नाही, असे छत्रीवाला नेहमी विचारतो. देवाने माझे काय बिघडवले? प्रभूच्या बारा शिष्यांतही एक दगाबाज निघालाच होता. पत्नी गेली त्या रात्री मन मोकळे करायला मला दुसरे कोणी नव्हते, तोच होता. मी शेवटच्या बाकावर बसतो, खिशावर हात ठेवतो आणि त्याच्याशी बोलतो.

६. चर्चच्या मुख्य दाराचे कुलूप मी बसवले. त्याची दुसरी किल्ली देखभालीसाठी माझ्याकडे असते. कुलूप मंडळीचे आहे, हे मान्य. किल्ली मी माझ्या पितळेची, माझ्या हाताने घडवली आहे. ती मुलीला देत आहे. पोरी, आत कोणी नसताना जा. देव तेव्हाही तिथे असतो, आणि तेव्हा त्याला ऐकू जरा बरे येत असावे. सेक्रेटरी किल्ली परत मागतील. देऊ नये.

७. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी बायबलमधले वचन वाचावे, पण माझ्या मुलीचे नाव प्रार्थनेत घेऊ नये.

८. शेवटचे कलम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. मी देवासमक्ष जाहीर करतो, की त्या रविवारी मी आमेन म्हटले नाही. प्रार्थनेत मी डोळे मिटत नाही, ही माझी जुनी खोड. पेटी वाजवणाऱ्या बाईंनाही मिटता येत नाहीत, कारण प्रार्थना संपताच त्यांना सूर धरायचा असतो. त्यांची पेटी आमच्या बाकासमोरच होती. हे मला परवा सुचले, म्हणून त्यांना साक्षीला बोलावले आहे.

माझी प्रार्थना तेव्हाही वेगळीच होती. माझ्या मुलीला त्या घरी कधीही परत जावे लागू नये. त्या प्रार्थनेला मी आज, दोघा साक्षीदारांच्या देखत, मोठ्याने आमेन म्हणतो.

ठिकाण : राहते घर, दुकानाची खोली
दिनांक : आजचा रविवार, उपासना सुटल्यावर
सही : कुलूपवाला

साक्षीदार :
१. समोरचा छत्रीवाला. सही माझ्यासमोर झाली. आमेनही ऐकले.
२. चर्चमध्ये पेटी वाजवणारी. सही माझ्यासमोर झाली. आणि त्या रविवारी यांचे ओठ मिटलेले होते. मी पाहिले आहे. मुली, मला आजवर कोणी विचारलेच नाही गं.