ब्रेकच्या दिव्यावरची चिकटपट्टी

बाबा,

गाडीची किल्ली शोधू नका, मी घेऊन गेले आहे. काल गाडी मागे घेताना डॅशबोर्डवर काळी चिकटपट्टी दिसली. काढली, तर खाली ब्रेकचा लाल दिवा पेटलेला. मेकॅनिककाका म्हणाले, "ब्रेक ऑइल गळतंय. तुझ्या वडिलांना महिन्यापूर्वीच सांगितलंय."

अडीच लाख किलोमीटर पळालेली आलिशान गाडी तुम्ही हौसेने घेतलीत आणि आम्ही सगळे हसलो, हे खरं. पण म्हणून तिचं दुखणं झाकून ठेवायचं? आज आईला त्याच गाडीतून मावशीकडे नेणार होतात. वाटेतला उतार तुम्हाला माहीत आहे.

दहा वाजता टॅक्सी येईल. पट्टीबद्दल आईला मी काही बोललेले नाही. ते तुम्ही तिला सांगा, मग किल्ली देते.

– धाकटी