माझी चित्रं, रूटच्या नावावर

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पाटावर कात्री, विळी, स्क्रूड्रायव्हर, स्कूटरची किल्ली. माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडू. इथपर्यंत ठीक. मी आत पुरण वाटत होते तेवढ्यात भाऊजी कॉम्प्युटरवर बसले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून धाकट्या भावाच्या, म्हणजे सुधीरच्या, घरातली प्रत्येक वायर त्यांची. लिनक्स त्यांनीच घालून दिलं, तेव्हापासून त्यांनी विचारायचं नाही आणि मी बोलायचं नाही.
"अनघा, पुस्तकाचं सगळं एका नवीन फोल्डरमध्ये नीट लावून दिलंय बघ. आणि मुखपृष्ठावर श्री घातलाय. कामाची सुरुवात कशी शुभ हवी."
श्री! बकरीच्या दोन शिंगांच्या मधोमध, लालभडक. सुधीर शेजारी उभा, कौतुकाने बघतोय.
सणाच्या दिवशी वाद नको. उद्या खोडीन.

२ ऑक्टो. दसरा
खोडता येत नाही. चित्र उघडतं, दिसतं, बदल करून सेव्ह केलं की 'परवानगी नाही'. माझ्याच चित्राला मला परवानगी नाही! वर चित्रांचा प्रोग्राम माझे सगळे ब्रश विसरून बसलाय.
लताताईंचा हरसूलहून फोन. त्या तिथे शाळेत शिकवतात. गोष्टी त्यांनी पोरांकडून ऐकून लिहिल्या, चित्रं माझी. "मॅडम, सोमवारी छापायला जाईल ना? सुट्टी लागायच्या आत पोरांच्या हातात पाहिजे. दिवाळीनंतर आई-बापासंगं द्राक्षबागांच्या कामाला जात्यात, कितीक तर परत येतच नाय." हो म्हटलं. प्रेसवाल्याने सोमवार दिलाय, पुढे त्याच्याकडे दिवाळी अंकांची रांग. सोमवार चुकला तर संपलं.
सोनं वाटायला आलेल्यांशी हसून बोलले. आतून नुसती जळत होते.

३ ऑक्टो., शुक्र.
भाऊजींना बोलावलं. कुठून दुर्बुद्धी झाली!
त्यांनी ती काळी खिडकी उघडली, सुडो अशी आज्ञा टाइप केली, पासवर्ड टाकला, चित्रांचा प्रोग्राम सुरू. "बघ, होतंय की सेव्ह! परवाही मी असंच उघडलं होतं. रूट म्हणून उघडायचं, मग कोणी अडवत नाही." रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. बरं, मग तो पासवर्ड मला द्या.
"तो तुला नको. प्लांटमध्ये आम्ही मास्टर किल्ली सगळ्यांना वाटत नसतो."
सगळ्यांना?? टेबल माझं, काम माझं, मशीन माझ्या कमाईचं! आणि टाइप करताना कीबोर्डवर डावा हात आडवा धरला होता. एटीएममध्ये धरतात तसा. माझ्यापासून.

४ ऑक्टो., शनि.
आता लॉगिनच होईना. पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा, परत तेच पासवर्डचं पान. सकाळपासून तेच.
भाऊजी फोनवर: "फॉर्मॅट मारावा लागेल. उद्या येतो." आणि चित्रं? "काढू की कॉपी. निघतील तेवढी."
निघतील तेवढी!
सु. म्हणतो, "त्यांना कळतं त्यातलं, तू उगाच डोकं लावू नकोस." ओरडले त्याच्यावर. चांगली ओरडले, खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. जाऊ दे.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी मोबाइल घेऊन बसले. लिनक्सवाल्यांचे मंच वाचले. निम्मं डोक्यावरून गेलं, पण एकाने अगदी वैतागून लिहिलं होतं, ते कळलं. प्रोग्राम रूट म्हणून उघडला तरी तो माझ्याच घरात, म्हणजे माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये, वावरतो, आणि तिथे जे लिहील ते रूटच्या नावावर चढतं. चित्रं, ब्रश, लॉगिनला लागणारी एक लपलेली फाइलसुद्धा. भाऊजींनी 'दुरुस्त' केलं तसं जास्तच बिघडलं.
त्याने सांगितल्याप्रमाणे Ctrl-Alt-F3. नुसत्या अक्षरांचा पडदा, तिथे मात्र लॉगिन झालं. कुठली फाइल कोणाच्या नावावर, ती यादी काढली. anagha, anagha, आणि मधेच root, root, root. बकरी root. मोह वेचणारी आजी root. अंगाचा तिळपापड झाला.
उपाय एका ओळीचा, सगळं परत माझ्या नावावर:
sudo chown -R anagha:anagha /home/anagha
त्यालाही पासवर्ड हवाच. भाऊजींना फोन करणार होते. सहज खालची ओळ वाचली: इथे तुमचा स्वतःचाच पासवर्ड टाका.
स्वतःचाच. रोज सकाळी टाकते तो, भाऊजींनीच लावून दिलेला.
टाकला. चालला!!
भाऊजी पेनड्राइव्ह घेऊन आले तेव्हा मी शिंगांमधला श्री खोडत होते.
"अरे वा, आपोआप झालं?"
आपोआप! मी म्हटलं, माझाच पासवर्ड चालतो, भाऊजी.
"हो, तसंच असतं ते." शांतपणे चहा पीत.
माहीत होतं त्यांना. मग हात आडवा कशाला धरला होता?

६ ऑक्टो., सोम.
फाइल प्रेसला गेली. घरी येऊन पासवर्ड बदलला. सु.ला सांगितलेला नाही.

१५ ऑक्टो., बुध.
पुस्तकं पोरांच्या हातात! लताताई फोनवर बोलत होत्या, मागे नुसता गलका. "एक पोरगी इचारती, मॅडम, बकरीचं शिंग मोडलंय का?" बघितलं. खरंच की. श्री खोडताना टोक गेलं, घाईत दिसलं नाही. म्हटलं, सांगा तिला, भांडणात मोडलं.

१९ ऑक्टो., रवि.
भाऊजी आले. चकली हातात, सरळ माझ्या खुर्चीत. "दिवाळीआधी जरा साफसफाई करून देतो मशीनची." पासवर्ड टाकला. चूक. परत. चूक. मग वळून माझ्याकडे बघितलं.
"बदललास?"
हो.
"मला न विचारता?"
सु. मागून खुणा करतोय, सांगून टाक. मी म्हटलं, "भाऊजी, काय करायचं ते तुम्ही सांगा, टाइप मी करते."
उठले. चहा न घेता गेले. उरलेली चकली कीबोर्डवर ठेवून.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
उद्या पाडव्याचं जेवण दरवर्षीप्रमाणे भाऊजींकडे. अजून त्यांचा फोन नाही.
सु. दोन दिवस पाठीमागे लागलाय, सॉरी म्हणून टाक, मोठे आहेत. कशाबद्दल सॉरी, ते विचारलं की आकाशकंदील नीट करायला उठतो.
आज पूजेला कॉम्प्युटर मीच पुसला, मीच हळदकुंकू वाहिलं. सु. दारात उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, "मला तरी सांगशील का पासवर्ड?"
अजून सांगितलेला नाही.